आलाशेहिर : बेदाण्यावर उभे राहिलेले तुर्की गाव

फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मण्यात साखर भरू लागली की आपल्यापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. माल ताजा विकावा की शेडवर टाकावा? व्यापारी बांधावर येऊन दर पाडून मागतो, आभाळ भरून येते, मजूर दुसऱ्या बागेत निघून जातात, आणि दोन-चार दिवसांत काय तो निर्णय घ्यावा लागतो. नेमका हाच प्रश्न दर ऑगस्टमध्ये तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील एका लहान शेतकरी गावापुढे असतो. त्या गावाचे नाव आलाशेहिर. तेथील वेलही आपलाच आहे. आपण ज्याला थॉमसन सीडलेस म्हणतो त्यालाच ते 'सुलतानी' म्हणतात. विल्यम थॉमसन नावाच्या बागायतदाराने १८७२ मध्ये न्यूयॉर्कहून काड्या मागवून कॅलिफोर्नियात लावल्या, म्हणून तेथे त्याचे नाव वेलीला चिकटले. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या आपल्या जाती त्याच वेलीतून निवडलेल्या. म्हणजे नात्याने आलाशेहिरची बाग ही आपल्या बागेची भाऊबंदच ठरते.

या गावाची ओळख करून घेण्याचे कारण एवढेच नाही. बेदाण्याच्या जागतिक व्यापारात तुर्कस्तानचे स्थान सर्वसाधारणपणे पहिले किंवा दुसरे असते, आणि निर्यातीत तर बहुतेक वर्षी पहिले. साधारण वर्षात तेथे दोन ते तीन लाख टन बेदाणा तयार होतो. त्यातील फार मोठा वाटा एकट्या मनिसा प्रांताचा, आणि आलाशेहिर हा त्या प्रांतातील द्राक्षाचा एक प्रमुख तालुका होय.

गाव कोठे आहे

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर इझमीर हे मोठे बंदर आहे. तेथून पूर्वेला सुमारे १३० किलोमीटर आत गेले की आलाशेहिर लागते. दक्षिणेला बोझदा पर्वताची रांग आहे, तिचे सर्वोच्च शिखर २,१५९ मीटर उंच आहे. गाव या रांगेच्या उत्तर पायथ्याशी टेकलेले आहे, आणि समोर आलाशेहिर ओढ्याची सपाट, गाळाची खोरी पसरलेली आहे. हा ओढा पुढे गेदिझ नदीला मिळतो व गेदिझ इझमीरच्या उत्तरेस समुद्राला मिळते. पूर्ण तालुक्याची लोकसंख्या सुमारे एक लाख आहे. गावाच्या नावाचा अर्थ 'रंगीबेरंगी शहर' असा सांगतात. त्यातील 'शेहिर' म्हणजे आपले 'शहर'च. फारसीतून तो शब्द त्यांच्याकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. द्राक्षमळ्याला ते 'बा' म्हणतात, आणि तो शब्दही आपल्या 'बाग' या शब्दाचाच सख्खा भाऊ आहे. जमीन ते 'डोनम'मध्ये मोजतात. एक डोनम म्हणजे एक हजार चौरस मीटर, जवळपास आपले दहा गुंठे. त्यामुळे तेथील शेतकऱ्याने 'वीस डोनम बाग आहे' म्हटले, तर पाच एकर समजावे.

हवामान मात्र आपल्यापेक्षा अगदी उलटे. आलाशेहिर ३८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे श्रीनगरच्याही बरेच उत्तरेला. वर्षाचा पाऊस साधारण साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर, म्हणजे आकडा आपल्या कवठेमहांकाळ पट्ट्याच्या जवळ जाणारा. पण तो पडतो नोव्हेंबर ते एप्रिल या थंडीच्या काळात. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ कोरडे ठणठणीत असते. वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपतो, पावसाळ्यात झोपलेलाच असतो, आणि माल पिकतो तो कोरड्या उन्हात. आपल्याकडे वेल कधी पूर्ण झोपत नाही, म्हणून आपल्याला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. त्यांना जानेवारी-फेब्रुवारीत एकच छाटणी पुरते. केवडा व भुरीवर आपण जो खर्च करतो त्यापैकी केवड्याचा बराचसा खर्च त्यांचा या हवामानामुळे वाचतो. भुरी मात्र त्यांनाही सोडत नाही, आणि त्यासाठी गंधकाची धुरळणी तेथे पूर्वापार चालत आलेली आहे.

भूकंप, राख आणि वेल

या गावाचे जुने नाव फिलाडेल्फिया. पर्गामम राज्याचा राजा दुसरा अटॅलस (कारकीर्द इ. स. पू. १५९ ते १३८) याच्या 'फिलाडेल्फस', म्हणजे 'बंधुप्रेमी', या बिरुदावरून ते पडले. ख्रिस्ती धर्मग्रंथात आशिया मायनरच्या ज्या सात मंडळ्यांचा उल्लेख आहे, त्यांपैकी एक येथील आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी केलेली नोंद अधिक मोलाची आहे. त्याने लिहून ठेवले आहे की या शहरात भूकंपाचे धक्के थांबतच नाहीत, घरांच्या भिंतींना सतत तडे जातात, म्हणून गावात थोडेच लोक राहतात आणि बाकीचे रानात शेती करून राहतात, कारण जमीन सुपीक आहे. गावाच्या उत्तरेला कुला नावाचा ज्वालामुखीचा भाग आहे. त्या जळक्या, काळ्या राखेच्या जमिनीत झाड उगवत नाही, पण द्राक्षवेल मात्र उत्तम येतो, हेही त्यानेच नोंदवले आहे. आपल्या काळ्या बेसाल्टवर द्राक्ष का येते याचे उत्तर आपण खूप उशिरा शोधले. तेथे ते जुनेच माहीत होते असे म्हणावे लागेल.

इ. स. १७ मध्ये या सर्व प्रदेशात मोठा भूकंप झाला. तेव्हा रोमन सम्राट टायबेरिअसने पडझड झालेल्या शहरांचा कर काही वर्षे माफ केला. आपत्तीनंतरची साऱ्याची माफी ही काही आजची कल्पना नव्हे. त्याच शतकाच्या शेवटी, इ. स. ९२ च्या सुमारास, सम्राट डोमिशियनने 'वाइन फार झाली, धान्य कमी पडते' म्हणून प्रांतांतील निम्म्या तरी वेली उपटून टाकाव्यात असा हुकूम काढला. तो पुरता अमलात आला नाही. तथापि नगदी पीक वाढले की सरकारला धान्याची आठवण होते, ही तक्रार किती जुनी आहे हे त्यावरून दिसते. भूकंपाचा शाप तर अजून टळलेला नाही. २८ मार्च १९६९ रोजी आलाशेहिरला पुन्हा मोठा भूकंप झाला.

मध्ययुगात आजूबाजूचा सर्व मुलूख तुर्कांच्या हाती गेल्यावरही हे शहर बायझंटाईन राज्याचे शेवटचे बेट म्हणून बराच काळ टिकले. १३९० मध्ये ते उस्मानी सुलतान पहिला बायझीद याच्या ताब्यात आले.

रेल्वे आली आणि आग लागली

इझमीर बंदरातून सुके अंजीर व बेदाणे युरोपला फार पूर्वीपासून जात होते. पण माल उंटांवरून बंदरापर्यंत न्यावा लागे. इंग्रज कंपनीने बांधलेली इझमीर-कसाबा रेल्वे १८७५ मध्ये आलाशेहिरपर्यंत आली, आणि तेथून या खोऱ्याचा नूर बदलला. धान्याच्या रानात वेली लागल्या. सुलतानी बेदाणा हा घरगुती माल न राहता जगाच्या बाजाराचा माल झाला. इझमीरमध्ये १८९१ साली शेतमाल विनिमय केंद्र, म्हणजे 'बोर्सा', स्थापन झाले. ते आजही चालू आहे व बेदाण्याचा दर तेथेच ठरतो. त्याच शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा हा मुळावरील मावा तेथे पोहोचला आणि अमेरिकन खुंटाचा अभ्यास त्यांना करावा लागला. आपण डॉगरिज खुंटाकडे वळलो ते मुख्यतः क्षार आणि पाणीटंचाईमुळे, ते वळले या किडीमुळे.

पहिल्या महायुद्धानंतर, मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य इझमीरला उतरले. ऑगस्ट १९१९ मध्ये आलाशेहिर येथेच तुर्की प्रतिकाराची एक महत्त्वाची परिषद भरली. पुढे गाव ग्रीकांच्या ताब्यात गेले, आणि सप्टेंबर १९२२ मध्ये माघार घेणाऱ्या सैन्याने ते जाळले. गाव जवळजवळ पूर्ण बेचिराख झाले. हंगाम लक्षात घ्या : सप्टेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे बेदाणा खळ्यावर पडलेला असण्याचे दिवस.

त्यानंतर १९२३ च्या कराराने दोन्ही देशांत लोकसंख्येची अदलाबदल झाली. द्राक्षाचे कसब असलेली हजारो ग्रीक कुटुंबे येथून ग्रीसला गेली, आणि त्यांच्याबरोबर सुलतानी वेलही गेला. क्रीट बेटावर सुलतानी बेदाण्याचे उत्पादन वाढले ते मुख्यतः या निर्वासितांमुळे. ग्रीसमधून आलेल्या मुसलमान कुटुंबांना इकडच्या जमिनी मिळाल्या. त्यांपैकी अनेकांनी पूर्वी तंबाखू पिकवलेला, त्यांना वेल नव्याने शिकावा लागला. वेल जळाला तरी खोडातून फुटतो. बाग समजणारा माणूस मात्र एकदा गेला की ते ज्ञान पुन्हा उभे करायला एक पिढी लागते. १९२५ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा घेणारा 'अशार' हा जुना शेतसारा रद्द केला, आणि १९३० मध्ये मनिसा येथे द्राक्ष संशोधन संस्था उभी राहिली. ही संस्था आजही कार्यरत आहे.

पोटॅशचे पाणी आणि खळे

आता आपल्या कामाच्या गोष्टीकडे वळू. सुलतानी वेलीचे फळ देणारे डोळे काडीच्या मध्यभागी असतात, बुडाशी नसतात. म्हणून तेथेही आखूड छाटणी न करता काडी लांब राखतात. पूर्वी वेल झुडपासारखा बुटका ठेवीत. आता बहुतेक बागा तारांवर, इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या आधारावर आहेत. एप्रिलमध्ये फुटवे, मेअखेरीस फुलोरा, आणि ऑगस्टच्या मध्यापासून काढणी असा त्यांचा क्रम असतो.

काढणी केव्हा करावी याबाबत तेथील संशोधन संस्थेचा व जुन्या शेतकऱ्यांचाही आग्रह सारखाच आहे : साखर २२ ब्रिक्सच्या पुढे गेल्याशिवाय बेदाण्यासाठी घड तोडू नये. याचा हिशेब घरच्या घरी करून पाहा. १,००० किलो द्राक्षात २२ टक्के घन पदार्थ असेल तर १५ टक्के ओलाव्याचा बेदाणा सुमारे २५९ किलो बसतो. तोच माल १८ ब्रिक्सला तोडला तर सुमारे २१२ किलो. म्हणजे टनामागे ४७ किलो बेदाणा केवळ घाईपायी हवेत जातो. शिवाय कच्च्या मालाचा बेदाणा पिचका व हलक्या रंगाचा होतो तो वेगळाच. आपल्याकडे शेडवर येणारा बराच माल 'ताजा विकला गेला नाही म्हणून' येतो. त्यात कमी साखरेचे घड किती असतात हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

तोडलेले घड तेथे पोटॅशच्या द्रावणात बुडवतात. १०० लिटर पाण्यात साधारण ५ ते ६ किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि अर्धा ते एक किलो ऑलिव्ह तेल असे प्रमाण असते. पूर्वी लाकडाच्या राखेचे निवळ वापरीत. आपल्याकडे १०० लिटरला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल घेतात. दोन्हींचे तत्त्व एकच आहे. मण्याच्या सालीवर मेणाचा बारीक थर असतो. तो पाणी बाहेर पडू देत नाही. अल्कधर्मी द्रावण व तेल मिळून या मेणाची मांडणी बदलते, आणि मण्यातील पाण्याला वाट मिळते. गंमत अशी की तेथे या कामाला चांगल्या प्रतीचे ऑलिव्ह तेल न घेता जास्त आम्लता असलेले, खाण्यास हलके समजले जाणारे तेल पसंत करतात, कारण ते पोटॅशबरोबर लवकर एकजीव होते.

यानंतर मात्र आपली आणि त्यांची वाट वेगळी होते. आपण घड शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर सावलीत पसरतो, व दोन आठवड्यांच्या आसपास हिरवट बेदाणा मिळतो. ते माल उघड्या उन्हात खळ्यावर पसरतात. या खळ्याला ते 'सेर्गी' म्हणतात. द्रावणात बुडवलेला माल सात ते दहा दिवसांत वाळतो, न बुडवलेल्याला याच्या दुप्पट वेळ लागतो. रंग सोनेरी ते तांबूस येतो. जुन्या काळी सेर्गी म्हणजे सारवलेली माती असे. आज काँक्रीटचे खळे, विणलेले प्लॅस्टिकचे ताडपत्रीसारखे कापड किंवा तारेची मांडणी वापरतात. माती टाळण्याचे कारण केवळ खडा-कचरा एवढेच नाही. मातीच्या ओलीमुळे काळी बुरशी वाढते, व ती ऑक्रॅटॉक्सिन नावाचे विष तयार करते. युरोपीय देशांनी सुक्या द्राक्षातील या विषावर मर्यादा घातलेली आहे, आणि २०२३ पासून ती आणखी कडक केली आहे. एखादा कंटेनर त्या मर्यादेबाहेर सापडला तर त्याचा फटका एका शेतकऱ्याला बसत नाही, सगळ्या खोऱ्याला बसतो.

या बुरशीला दार उघडून देणारी मुख्य कीड म्हणजे घड पोखरणारी अळी. अळीने मणी फोडला की बुरशी आत शिरते. म्हणून मनिसा भागात कामगंधाच्या साहाय्याने पतंगांचे मीलन चुकवण्याची पद्धत बऱ्याच बागांत वापरली जाते. बागेत गंधाच्या तारा टांगून ठेवतात, नराला मादी सापडत नाही, अंडी पडत नाहीत. एकट्याच्या दोन एकरांत ही पद्धत फारशी चालत नाही, शेजाऱ्याचे पतंग उडून येतात. सगळ्या शिवाराने एकाच वेळी तारा टांगल्या तरच गुण येतो. आपल्याकडे गट शेतीच्या गोष्टी पुष्कळ होतात, त्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा.

एका बागेतून चार माल

आलाशेहिरची खरी शिकण्यासारखी गोष्ट येथे आहे. तेथील शेतकऱ्याकडे वाण एक, पण माल चार आहेत.

पहिला बेदाणा. दुसरा ताजे द्राक्ष, जे निर्यातीलाही जाते. आलाशेहिर आणि शेजारच्या सारीगोल तालुक्यांत शरद ऋतूत बागेवर प्लॅस्टिक किंवा कापडाचे आच्छादन ओढून घड वेलीवरच नोव्हेंबरपर्यंत, कधी त्याही पुढे, राखून ठेवतात. बाजारात गर्दी ओसरल्यावर माल काढतात. म्हणजे शीतगृह बागेतच उभे केले म्हणा ना. तिसरा माल म्हणजे पाला. मे महिन्यातील कोवळी, पातळ पाने खुडून मिठाच्या पाण्यात मुरवतात. त्यात भात-मसाला गुंडाळून खाण्याची तेथे रीत आहे, आणि त्याला मोठी मागणी असते. सुलतानीचे पान पातळ व आंबूस असल्याने ते विशेष चालते. चौथा माल हलक्या प्रतीच्या द्राक्षाचा व बेदाण्याचा. त्यापासून मद्यार्क काढतात. पूर्वी या धंद्याची सरकारी मक्तेदारी होती, ती २००४ मध्ये खासगी हाती गेली.

कागदावर हे चित्र फार सुंदर दिसते. पण हे चारही माल एकाच वेलीवर एकाच वर्षी मिळत नाहीत, आणि तिथेच सगळी मेख आहे. पाला घ्यायचा तर मे महिन्यातील फवारण्या सांभाळाव्या लागतात, कारण औषधाचा अंश घडापेक्षा पानावर अधिक राहतो. पानांतील अंशामुळे माल नाकारला जाण्याचा प्रश्न त्यांना सतत भेडसावतो. ताज्या मालासाठी जिबरेलिक आम्ल देऊन, विरळणी करून मणी फुगवला की त्या मण्याचा बेदाणा करणे महाग पडते. मोठा मणी वाळायला वेळ घेतो, आणि त्यावर झालेला खर्च बेदाण्याच्या दरात निघत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये घ्यायचा निर्णय खरे पाहता मे-जूनमध्येच अर्धा होऊन गेलेला असतो. जो शेतकरी सगळी बाग एकाच मालासाठी बांधून टाकतो त्याच्या हातात ऑगस्टमध्ये निवड उरत नाही. म्हणून बागेचा एक तुकडा ताज्यासाठी तयार करणे आणि उरलेल्या तुकड्यावर संजीवकांचा खर्च न करता तो सरळ बेदाण्यासाठी धरणे, ही विभागणी शहाणपणाची ठरते. आपल्याकडे मात्र बहुधा शंभर टक्के बाग ताज्याच्या खर्चाने वाढवतो आणि पडलेल्या दरात ती शेडवर टाकतो. बेदाण्यात तोटा आला असे मग आपण म्हणतो. तो तोटा बेदाण्याचा नसून अगोदरच्या खर्चाचा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विक्री कशी होते

दरवर्षी ऑगस्टमध्ये हंगामाचा पहिला बेदाणा इझमीरच्या बोर्सात समारंभाने बोलीला लावतात. हा दर मानाचा असतो, त्यावर कोणी हिशेब बांधत नाही. प्रत्यक्ष व्यवहार रंग व प्रतीनुसार क्रमांक देऊन होतात. ७ क्रमांक गडद, ११ क्रमांक फिकट-सोनेरी, आणि '९ क्रमांक' हा मोजपट्टीचा माल. वृत्तपत्रात 'नऊ नंबर काय निघाला' एवढे वाचले की शेतकऱ्याला आपल्या मालाची किंमत अंदाजे कळते. एकच क्रमांक सगळ्या खोऱ्याला समजतो, ही साधी सोय फार मोलाची आहे.

शेतकऱ्यांच्या विक्री सहकारी संस्थांसाठी तेथे १९३५ मध्ये कायदा झाला. 'तारिश' या नावाने ओळखला जाणारा त्यांचा संघ कित्येक दशके सरकारच्या वतीने आधारभूत दराने बेदाणा घेत असे. माल कितीही येवो, संघ घेणार, तोटा सरकार भरणार, अशी रीत पडली. २००० मध्ये नवा कायदा करून संघांना सरकारी मदतीपासून वेगळे करण्यात आले. त्यानंतर संघ आपल्या बळावर जेवढे पेलेल तेवढेच घेऊ लागला व शेतकरी व्यापाऱ्याच्या अधिक जवळ ढकलला गेला. अलीकडच्या काही वर्षांत दर कोसळू लागला की सरकारी धान्य महामंडळाला बेदाणा खरेदीत उतरवण्यात आले आहे. ते दर केव्हा जाहीर करते यावर बरेच अवलंबून असते. गरजू शेतकऱ्याने माल विकून टाकल्यावर जाहीर झालेल्या दराचा फायदा मग ज्याच्या गोदामात माल आहे त्याला मिळतो. तासगाव-सांगलीच्या सौद्यात शीतगृहात माल ठेवू शकणारा आणि न ठेवू शकणारा यांच्यात जो फरक पडतो, तोच हा फरक.

गोठलेला एप्रिल, तापलेले पाणी

एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तानात कडाक्याची थंडीची लाट आली आणि नुकते फुटलेले कोंब मनिसाच्या बागांत करपून गेले. झोपलेला वेल हिवाळ्यातील बराच गारठा सहन करतो, पण उमललेला कोंब शून्याखाली एक-दोन अंशांतच काळा पडतो. हिवाळा उबदार गेला तर कोंब लवकर फुटतात, आणि मग उशिराची थंडी त्यांना गाठते. तेथे २००५ च्या कायद्याने सरकारी अनुदानाची पीकविमा व्यवस्था आहे. आपल्या हवामानाधारित फळपीक विम्याप्रमाणेच, आधी उतरवला त्यालाच त्याचा उपयोग.

दुसरे संकट जमिनीखालून आले. गेदिझचे खोरे म्हणजे भूकवचातील खचलेली पट्टी. ज्या भेगांमुळे तेथे भूकंप होतात त्याच भेगांतून गरम पाणी वर येते. गावचे 'सारीकीझ' हे खनिजयुक्त पाणी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. या उष्णतेवर वीज तयार करण्यासाठी गेल्या पंधरा वर्षांत द्राक्षबागांच्या मधोमध खोल विहिरी घेण्यात आल्या. मे २०१२ मध्ये आलाशेहिरजवळील अलकान गावी अशाच एका विहिरीचे पाणी व वाफ आवरेनाशी होऊन शिवारात उफाळून आली, आणि नंतरच्या तपासण्यांत आसपासच्या पाण्यात बोरॉन व आर्सेनिक वाढलेले आढळले. बोरॉन हे वेलीला अगदी थोडे लागणारे अन्नद्रव्य आहे. परंतु सिंचनाच्या पाण्यात ते लिटरला अर्धा ते पाऊण मिलिग्रॅमच्या पुढे गेले की द्राक्षासारख्या संवेदनशील पिकाला बाधू लागते. पानांच्या कडा करपतात, आणि क्षाराचा त्रास समजून आपण भलताच उपाय करीत बसतो. विजेच्या प्रकल्पांना तेथील शेतकऱ्यांचा विरोध का आहे हे यावरून समजते. वापरलेले पाणी पुन्हा खोल जमिनीत सोडले तर धोका बराच कमी होतो, पण ते काम खर्चाचे असल्याने त्यावर लक्ष ठेवावे लागते.

वरच्या पाण्याचीही ओढच आहे. १९७० च्या दशकात बांधलेल्या अफशार धरणाचे पाणी खोऱ्याला मिळते, तरी बागा वाढल्या तशा विंधन विहिरी वाढल्या आणि भूजल खाली गेले. ठिबक आले, पण ठिबकामुळे वाचलेल्या पाण्यावर नवी बाग लावली तर पातळी वर येत नाही. जत-आटपाडीच्या बागायतदाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

सप्टेंबरमध्ये पाहावयाच्या तीन नोंदी

आपला बेदाणा मुख्यतः देशातच खपतो व अफगाणी मालाशी त्याची स्पर्धा अधिक आहे. तरीही निर्यातदाराच्या बोलण्यात तुर्की दर असतोच. त्यांची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि आपली फळछाटणी ऑक्टोबरमध्ये, हा कालावधी आपल्या पथ्यावर पडणारा आहे. छाटणीपूर्वी आपल्या बागेच्या वहीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : तुर्कस्तानात त्या वर्षी पीक भरपूर आहे की थंडी-पावसाने मार बसला आहे, बेदाणा खळ्यावर असताना सप्टेंबरचा पाऊस पडला का, आणि ९ क्रमांकाचा दर आदल्या वर्षापेक्षा चढा निघाला की उतरता. निर्यातदार, बाजार समिती किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून ही माहिती मिळू शकते. त्यानंतर बागेतील कोणत्या ओळी ताज्यासाठी फुगवायच्या आणि कोणत्या ओळींवर जिबरेलिक आम्लाचा खर्च न करता २२ ब्रिक्सपर्यंत थांबायचे, हे छाटणीच्या दिवशीच ठरवून त्या ओळींच्या खांबांना रंग लावून ठेवावा. मार्चमध्ये व्यापारी बांधावर येईल तेव्हा खर्चाचा हिशेबही याच ओळींप्रमाणे वेगळा मांडलेला असावा.